बांगडा खाल्ला की अंगावर पित्त का उठते?



‘बांगडा खाल्ला आणि अंगावर पित्त उठले’ ही तक्रार गोव्यातल्या घरांना नवी नाही. पित्त उठले की आजी सोलांचे पाणी काढते, अंगाला लावते, थोडे प्यायलाही देते. तासाभरात गांधी उतरल्या की विषय संपतो. कोणी म्हणते उष्ण पडले, कोणी म्हणते मासळी शिळी होती, कोणी दृष्टच काढते. पण आठ-दहा वर्षे आवडीने बांगडा खाणाऱ्या मुलाचे ओठ एके दिवशी सुजतात आणि तेच मूल त्याच आठवड्यात विसवणाची तळलेली तुकडी खाऊन मजेत खेळते, तेव्हा मात्र घरातले गोंधळतात. ‘मासळीची ॲलर्जी असती तर विसवणही बाधले असते ना?’ असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

बांगड्यानंतर अंगावर पित्त उठण्याची मुख्य कारणे दोन. एकात दोष माशाचा असतो, दुसऱ्यात खाणाऱ्याच्या शरीराचा. बाहेरून दोन्ही इतकी सारखी दिसतात की डॉक्टरांचीही कधी कधी फसगत होते. पहिल्याला दुसरे समजलो तर मुलाच्या ताटातून बांगडा विनाकारण जन्मभरासाठी जातो. दुसऱ्याला पहिले समजलो तर पुढच्या खेपेला जिवावर बेतू शकते. म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

दोष माशाचा

बांगडा, तारली, गेदर (म्हणजे ट्यूना), विसवण अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल बरेच असते. ते अन्नातच मिळायचे असते, त्यात वाईट काही नाही. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत काही जिवाणूही राहतात. मासा जिवंत असेपर्यंत ते आपल्या जागी असतात. मासा मेला आणि उन्हात, गरम हवेत पडून राहिला की ते मांसात शिरतात आणि आपल्याजवळच्या विकराने हिस्टिडिनचे हिस्टॅमिन बनवतात. आपल्या शरीरात ॲलर्जी होते तेव्हा खाज, लाली, सूज आणणाऱ्या रसायनांत हिस्टॅमिन हेच प्रमुख असते. म्हणजे ॲलर्जीत जे रसायन शरीर स्वतः सोडते, तेच येथे ताटातून आयते पोटात जाते. परिणाम सारखा दिसला तर नवल नाही.

अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड आणि मान लालबुंद होते, डोके ठणकते, छातीत धडधडते, अंगावर गांधी येतात, तोंडात जळजळ होते, कधी जुलाब होतात. बहुतेकांना काही तासांत, फार तर दिवसभरात आराम पडतो. या विकाराला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात. बांगडा, विसवण, गेदर ज्या कुळातले, त्या स्कॉम्ब्रिडी कुळावरून हे नाव पडले. तारली त्या कुळातली नाही, पण हिस्टिडिन तिच्यातही असल्यामुळे तिच्यानेही हे होते.

येथे स्वयंपाकघरातला एक गैरसमज दूर करायला हवा. ‘चांगले उकळले, कडकडीत तळले, आता काय होणार?’ असे आपण म्हणतो. जिवाणू उष्णतेने मरतात हे खरे, पण त्यांनी आधीच बनवून ठेवलेले हिस्टॅमिन उकळून जात नाही, तळून जात नाही, गोठवून किंवा डबाबंद करूनही जात नाही. वासावर विसंबून राहणेही धोक्याचे, कारण दिसायला आणि वासाला ठीक असलेल्या माशातही ते असू शकते. काहींना असा मासा मिरीसारखा तिखट, जिभेला चरचरणारा लागतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. आता तिरफळ आणि मिरची घातलेल्या बांगड्याच्या हुमणात ही चव वेगळी कळणार कोणाला!

आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकांप्रमाणे एक किलो मासळीत हिस्टॅमिन २०० मिलिग्रॅमच्या वर असू नये. घरी ते मोजता येत नाही, पण ते बनू न देणे बरेचसे आपल्या हातात आहे. मासळी पकडल्यापासून ताटात येईपर्यंत चार अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड राहिली तर हे जिवाणू फारसे काही करू शकत नाहीत. आपल्या हवेत जितकी मासळी तितका बर्फ, असा हिशेब मासळीच्या धंद्यात सांगतात तो याचसाठी. सकाळी बाजारातून आणलेला बांगडा पिशवीत तसाच ओट्यावर ठेवून बाकीची कामे उरकणे, मीठ-मसाला लावून दुपारपर्यंत बाहेर मुरत ठेवणे, या सवयी सोडायला हव्यात. कल्ले आणि आतडी काढून, धुऊन मासा लगेच थंडाईत गेला पाहिजे. आणि एक लक्षात ठेवा, ते विकर एकदा तयार झाले की फ्रिजमध्येही हळूहळू काम करीत राहते. म्हणून तापलेली मासळी उशिरा फ्रिजमध्ये ठेवल्याने झालेले नुकसान भरून निघत नाही.

घरातल्या चौघांनी एकच हुमण खाल्ले आणि दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर संशय माशावर घ्यावा, हा साधा आडाखा आहे. पण तो पक्का नव्हे. हिस्टॅमिन माशात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. एका तुकड्यात भरपूर आणि दुसऱ्यात नाममात्र, असे होते. त्यामुळे एकालाच त्रास झाला म्हणून ती ॲलर्जीच, असे ठरत नाही.

क्षयरोगावर औषध घेणाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आयसोनियाझिड हे औषध शरीरातली हिस्टॅमिन मोडण्याची क्रिया अडवते. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९७७ मध्येच लिहून ठेवले आहे की हे औषध घेणाऱ्या रुग्णांना गेदरसारखी मासळी खाल्ल्यावर असा त्रास झाला. घरात कोणाचे हे औषध चालू असेल तर बांगडा, तारली, गेदर यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

२०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा प्रश्न गाजला, तेव्हापासून मासळीने काहीही झाले की ‘फॉर्मेलिन असणार’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. मासळीला फॉर्मेलिन लावणे वाईटच, पण प्रत्येक गांधीचे खापर त्याच्यावर फोडले की खरे कारण शोधायचे राहून जाते.

दोष शरीराचा

खऱ्या ॲलर्जीत मासा अगदी ताजा, होडीतून थेट ताटात आलेला असला तरी त्रास होतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये घडवला. पण ॲलर्जीचे मूळ रक्तात आहे हे दाखवून देणारा प्रयोग मासळीवरच झालेला आहे. विद्यार्थ्यांना आवडेल म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरात (आज ते पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे) कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोघे डॉक्टर होते. क्युस्टनरना मासळीची ॲलर्जी होती. प्राउस्निट्झना तिचा काही त्रास नव्हता. क्युस्टनरच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, प्राउस्निट्झनी स्वतःच्या पोटाच्या त्वचेत थोडासा टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला, आणि काय आश्चर्य, तेवढ्याच जागेवर गांध उठली! मासळी सहज पचवणाऱ्या माणसाच्या त्वचेचा तेवढा तुकडा मासळीला ‘ओळखू’ लागला होता. म्हणजे क्युस्टनरच्या रक्तात असे काहीतरी होते जे दुसऱ्याच्या अंगात नेता येत होते. हा प्रयोग त्यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे कळायला आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे ते शोधले. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळाले. (प्राउस्निट्झची पद्धत पुढे बरीच वर्षे तपासणीसाठी वापरली जाई. एकाच्या रक्तातून दुसऱ्याला कावीळ किंवा एड्स होण्याच्या धोक्यामुळे ती बंद झाली. घरी कोणी करून पाहू नये, हे सांगायला नकोच.)

आणखी एक गंमत. क्युस्टनरना शिजवलेल्या मासळीने त्रास होई, कच्च्या मासळीच्या अर्काने होत नसे. ही गोष्ट पुढे तपासणीबद्दल बोलताना कामी येणार आहे.

आयजीई हे एक प्रतिपिंड आहे. आपली प्रतिकारशक्ती एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला चुकून शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे आयजीई त्वचा, नाक, फुप्फुसे, आतडी येथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि वाट पाहते. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले की या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टॅमिन आणि इतर रसायने सोडतात. म्हणून ॲलर्जी पहिल्याच घासाला होत नाही. शरीराला त्या प्रथिनाची ओळख आधी झालेली असावी लागते, मग ती ताटातून असो, त्वचेतून असो किंवा शिजणाऱ्या हुमणाच्या वाफेतून. ‘इतकी वर्षे खातो, आजच कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. इतकी वर्षे खाल्ले ही ॲलर्जी नसल्याची हमी नव्हे. दूध-अंड्याची ॲलर्जी बहुधा लहानपणी दिसते आणि पुष्कळ मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. मासळीची मात्र मोठेपणीही सुरू होते आणि एकदा आली की बहुतेकांत टिकून राहते. अमेरिकेतल्या पाहणीत मासळीची ॲलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना पहिला त्रास मोठेपणीच झाल्याचे आढळले. मासळी साफ करणाऱ्या, कारखान्यात हाताळणाऱ्या कामगारांत हाताला खाज, दमा असे त्रास आढळतात, ते याच वाटेने.

एकच मासा का बाधतो?

माशातले जे प्रथिन बहुतेकांना बाधते त्याचे नाव पार्व्हाल्ब्युमिन. १९६० च्या दशकाच्या शेवटी नॉर्वेमध्ये आस आणि एल्सायेद या संशोधकांनी कॉड माशातून ते वेगळे काढले. हे प्रथिन स्नायूतले कॅल्शियम पकडून ठेवते, त्यामुळे आकुंचन पावलेला स्नायू चटकन सैल होतो. माशाने झटक्यात वळावे, सुळकन पळावे, यासाठी ते लागते. उष्णतेला ते दाद देत नाही, म्हणून हुमण असो की तळण, ते बरेचसे शाबूत राहते.

आता जेवताना ताटातला बांगडा उघडून पाहा. बहुतेक मांस पांढरट असते आणि कातडीलगत मध्यावर एक काळपट-तांबूस पट्टा असतो. पांढरे मांस झटक्याच्या हालचालीसाठी, काळे मांस सतत संथ पोहण्यासाठी. पार्व्हाल्ब्युमिन पांढऱ्यात जास्त आणि काळ्यात कमी असते. गेदराचे मांस बरेचसे लाल, म्हणून त्याच्यात ते फार थोडे. युरोपात हेरिंग आणि ट्यूना यांची तुलना झाली तेव्हा हा फरक शंभर पटींच्या आसपास निघाला. एखाद्याचे शरीर थोड्या पार्व्हाल्ब्युमिनकडे काणाडोळा करते आणि जास्त झाले की उसळते. मग एक मासा बाधतो आणि दुसरा चालतो असे दिसते. प्रत्यक्षात ॲलर्जी दोन्हींची असते, फक्त मात्रा वेगळी पडते.

हा मुद्दा पालकांनी नीट ध्यानात घ्यावा. निरनिराळ्या माशांतले पार्व्हाल्ब्युमिन एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असते. बांगड्यातल्या प्रथिनाला ओळखणारे आयजीई चणकातल्या किंवा शेवट्यातल्या प्रथिनालाही बहुधा ओळखते. त्यामुळे एका काटेरी माशाची खरी ॲलर्जी असलेल्यांपैकी पुष्कळांना इतर मासेही बाधतात. एकच मासा बाधतो असे लोकही आहेत, पण ते थोडे. १९९६ मध्ये अमेरिकेतून फक्त स्वोर्डफिश या एकाच माशाची ॲलर्जी असलेल्या रुग्णाची नोंद आली. इतर माशांबाबतही अशा तुरळक नोंदी आहेत. अशा लोकांचे शरीर त्या जातीपुरत्या वेगळ्या प्रथिनाला किंवा प्रथिनाच्या वेगळ्या भागाला ओळखत असते. जपानमध्ये बांगड्याच्या भाऊबंदाला, साबा माशाला, ॲलर्जी असलेल्या काहींच्या बाबतीत पार्व्हाल्ब्युमिनऐवजी कोलॅजेन हे प्रथिन कारण ठरले. तेथे पाकिटावर साबाचा उल्लेख करावा अशी सरकारी शिफारसही आहे.

मोरी आणि वागळी हे हाडांऐवजी कूर्चा असलेले मासे. त्यांचे पार्व्हाल्ब्युमिन वेगळ्या घडणीचे असल्याने काटेरी मासे बाधणाऱ्या काहींना ते चालतात. पण हे तज्ज्ञांनी तपासून ठरवायचे, ‘मोरी खाऊन बघूया’ म्हणून घरी नव्हे.

कधी खरा गुन्हेगार मासाच नसतो. अनिसाकिस नावाचा दोऱ्यासारखा बारीक कृमी समुद्रातल्या अनेक माशांत राहतो. काहींना त्याचीच ॲलर्जी असते. ज्या माशात तो निघाला तो बाधतो, ज्यात नव्हता तो बाधत नाही. मग आज बांगडा चालला आणि परवा बाधला, असा गोंधळात टाकणारा अनुभव येतो. शिजवून कृमी मरतो, पण त्याची काही प्रथिने टिकतात.

‘आज चालले, उद्या बाधले’ याचे आणखी एक कारण आहे आणि ते शाळेला लागू पडते. काहींना नुसते खाऊन काही होत नाही. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत धावले, खेळले किंवा अंगदुखीची, तापाची काही औषधे घेतली तर मात्र जोराचा त्रास होतो. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या खेळाच्या तासाला एखाद्याच्या अंगावर गांधी आल्या तर ‘घामोळे असेल’ म्हणून सोडून न देता डब्यात काय होते ते विचारावे.

सुंगटांचा मामला वेगळा

आपल्याकडे ‘मासळी’ या एका शब्दात बांगडाही येतो आणि सुंगटे, कुर्ल्या, तिसऱ्याही. ॲलर्जीच्या हिशेबात ही निराळी घराणी. सुंगटे आणि कुर्ल्या जे प्रथिन घेऊन येतात ते ट्रोपोमायोसिन. त्याचे नाते माशाशी नसून घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म कोळ्याशी आणि झुरळाशी आहे. म्हणून बांगडा बाधणाऱ्याला सुंगटे चालू शकतात आणि सुंगटे बाधणाऱ्याला बांगडा. तिसऱ्या, खुबे, माणकी यांत आणखी फरक असतात. डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘मासळी बाधते’ एवढेच सांगू नका. नाव सांगा.

सुंगटे बाधणाऱ्यांनी किसमुरीकडेही लक्ष द्यावे. जून-जुलैत होड्या बंद असतात तेव्हा पुरुमेताचे सुके काढले जाते. बाजारातल्या सुक्यात एकाच ढिगाऱ्यात गालमो, बारीक मासळी सगळेच मिसळलेले असते. शिवाय बांगडे आणि भाजी एकाच तव्यावर, एकाच तेलात तळली की प्रथिन भाजीलाही लागते. बाटलीतल्या वॉर्सेस्टर सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा असतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पाकिटबंद खाद्यपदार्थांवर मासळी आणि कवचधारी प्राणी यांचा उल्लेख करणे भारतात २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तेव्हा पाकीट उलटून वाचावे.

निदान कसे होते?

डॉक्टरांना सर्वात जास्त मदत तुमच्या सांगण्याची होते. कोणता मासा, ताजा की बर्फातला की सुका, कसा शिजवला, किती खाल्ला, किती वेळाने काय झाले, आणखी कोणी तेच खाल्ले का, त्यांना काय झाले, त्या आधी आणि नंतर तोच मासा खाल्ला होता का, त्या दिवशी कोणते औषध घेतले होते का. हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. महिन्याभराने आठवण दगा देते. गांधींचा फोटो काढून ठेवला तर उत्तम.

त्यानंतर त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचण्याची चाचणी किंवा रक्तातले आयजीई मोजण्याची चाचणी होते. यात एक मेख आहे. तयार मिळणारे अर्क बहुधा कॉड, सॅमन, ट्यूना अशा परदेशी माशांचे असतात. बांगड्यापुरतीच ॲलर्जी असेल तर ती त्यांत दिसेलच असे नाही. म्हणून काही तज्ज्ञ रुग्णाला घरून मासा आणायला सांगतात आणि सुई आधी माशात व मग त्वचेत टोचून पाहतात. येथे क्युस्टनरांची आठवण ठेवावी. कच्चा आणि शिजवलेला, दोन्ही तुकडे न्यावेत. खाजेवरच्या गोळ्या चालू असतील तर त्वचेची चाचणी चुकते, म्हणून त्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात, पण डॉक्टरांना विचारूनच. चाचणीत आयजीई आढळले म्हणजे खाल्ल्यावर त्रास होणारच असेही नाही. शेवटचा निवाडा रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडा थोडा मासा खायला देऊन होतो. स्कॉम्ब्रॉइड असेल तर या चाचण्या निर्मळ निघतात आणि बांगडा पुन्हा ताटात येतो, अर्थात ताजा.

ॲलर्जी ठरली तर तो मासा पूर्ण बंद, आणि डॉक्टर सांगतील ते इतर मासेही. आपल्या समाजात हे सोपे नाही. ‘नुस्ते खात नाही? मग जेवतोस काय?’ हा प्रश्न मुलाला प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुणचारात ऐकावा लागतो. ‘एवढासा तुकडा खाऊन काही होत नाही’ म्हणणारी माया तर घरोघरी. ती माया येथे आवरायला हवी. मुलाचे हे नखरे नव्हेत. पोषणाची चिंता करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की अंडी, डाळी, दूध, मोड आलेली कडधान्ये यांतून प्रथिने मिळतात. श्रावणात सगळे घर महिनाभर शिवराक असते आणि कोणी अशक्त होत नाही.

शाळेत काय करावे?

नुसत्या गांधी आणि खाज असेल तर मुलावर लक्ष ठेवून पालकांना कळवावे. पण पुढीलपैकी काही दिसले तर वेळ घालवू नये: आवाज घोगरा होणे, गिळता न येणे, जीभ सुजणे, श्वासाला घरघर, सारखा खोकला, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर, अंग थंड आणि पांढरे पडणे. ही तीव्र ॲलर्जीची, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे. अंगावर एकही गांध नसताना ती येऊ शकतात. अशा वेळी उपयोगी पडते ते ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. खाजेवरची गोळी गांधी कमी करते, पण बंद होत चाललेला श्वास आणि पडत चाललेला रक्तदाब ती सावरू शकत नाही. गोळी देऊन वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. सोलांच्या पाण्याने खाजेला थंड वाटते, यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा करू नये.

१०८ ला फोन करावा आणि ‘ॲलर्जीचा झटका, श्वासाला त्रास’ असे स्पष्ट सांगावे. मुलाला आडवे झोपवून पाय थोडे उंच करावेत. श्वास लागत असेल तर बसू द्यावे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उठवून चालवत कार्यालयात नेऊ नये, कारण अशा वेळी एकदम उभे केल्याने रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनलिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. आपल्या जवळच्या आरोग्य केंद्रात ते कोणत्या वेळेत मिळते, रात्री कोठे मिळते, हे आधीच विचारून ठेवावे. ज्या मुलाला पूर्वी तीव्र त्रास झाला आहे त्याच्या पालकांनी ते घरी आणि शाळेत ठेवण्याबद्दल व कोणी द्यायचे याबद्दल डॉक्टरांकडून लेखी सूचना घ्याव्यात. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास थांबावे लागते, कारण काहींना ओसरलेला त्रास पुन्हा उसळतो.

विश्वस्तांसाठी दोन सूचना. प्रवेश अर्जात ‘कोणता पदार्थ बाधतो व काय होते’ असा एक रकाना असावा आणि त्याची नक्कल वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक आणि सहलीला जाणारे शिक्षक या तिघांकडे असावी. सहलीच्या आणि स्नेहसंमेलनाच्या जेवणात मासळी असेल तर ती वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने वाढली जावी आणि शिवराक पदार्थ आधी तळून घ्यावेत.

मुलांनो, डबे वाटून खाण्याची आपली सवय छानच आहे. पण मित्राने ‘मला बांगडा चालत नाही’ म्हटले की त्याच्या डब्यात तुकडा टाकू नका, आणि बांगडा खाल्लेला हात धुतल्याशिवाय त्याच्या डब्यात घालू नका. खाताना कोणाचे ओठ सुजू लागले, आवाज बदलला, तर तो ‘काही नाही’ म्हणत असला तरी एकाने त्याच्याजवळ थांबावे आणि दुसऱ्याने धावत जाऊन बाईंना किंवा सरांना बोलवावे.